गुडघ्याचं निमित्त

भिंगरीचा गुडघा दुखत नव्हता, हे घरातल्या चौघांना पक्कं ठाऊक होतं. आबांना, दादाला, वहिनीला आणि जिचा गुडघा तिला. उंबरठ्याच्या बाहेर मात्र तो गेली तीन वर्षं दुखत होता. सकाळी मिठागरावर जाताना दुखायचा, दुपारी चहाला बसताना दुखायचा आणि संध्याकाळी परत येताना तर जरा जास्तच दुखायचा, कारण त्या वेळी रस्त्यावर माणसं जास्त असत.

सुरुवातीला एकदा घोळ झाला होता. मुकादम समोरून आला आणि गडबडीत भिंगरी उजव्या पायानं लंगडली. मुकादम थांबला, त्यानं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "काय गं भिंगरे, काल डावा होता ना? दुखणंसुद्धा पळतंय की तुझं!"

टोपल्या घेऊन चाललेल्या बायका फिसकन हसल्या. भिंगरीही हसली. त्यांच्या हसण्याचं तिला तितकं लागलं नाही. आपणही दात काढले, याची मात्र तिला पुढे कित्येक दिवस लाज वाटत राहिली. घरी हे कळल्यावर आबांनी जुन्या चादरीची पट्टी फाडली आणि तिच्या डाव्या गुडघ्याला आवळून बांधली. पट्टी दुखण्यासाठी नव्हती, आठवणीसाठी होती.

धावायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. पाण्यानं शिकवलं. मिठागर खाडीला लागून होतं आणि खाडीपासून खालच्या वाफ्यांपर्यंत एक लांब, सरळ पाट होता. पाटाच्या दोन्ही टोकांना लाकडी फळ्या. भरतीला वरची फळी उचलली की खाडीचं पाणी पाटात सुटायचं. खालची फळी एरवी उघडी असायची, कारण तयार वाफ्यांतलं उरलंसुरलं कडू पाणी तिच्यातून निथळत राही. वरून पाणी सुटलं की ते पोचायच्या आत खालची फळी पाडायची, नाहीतर पाणी तयार मिठात शिरलंच म्हणून समजा. महिनाभर उन्हात करपून जे पिकवायचं, ते घटकाभरात पाणी होऊन जायचं.

इतर घरांतली दोन माणसं दोन टोकांना उभी राहत. यांच्याकडे माणसांची वानवा. आई लवकर गेलेली, दादा टोपल्या वाहायला. मग आबा वरची फळी उचलत, "सुटलं!" म्हणून ओरडत आणि नऊ वर्षांची पोर बांधावरून अनवाणी सुटायची. पाणी पाटातून, ही बांधावरून. पहिल्या वर्षी दोनदा पाणी जिंकलं आणि दोन्ही वेळा आबांनी तिला फोकानं बडवली. त्यानंतर पाणी कधी जिंकलं नाही.

शाळेत का येत नाही म्हणून विचारायला एकदा कवायतीचे मास्तर आले, तेव्हा ती धावतच होती. मास्तरांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, ते हलवलं, कानाला लावलं. दुसऱ्या दिवशी फीत घेऊन आले आणि आबांना एक टोक धरायला लावून बांध मोजला. दोनशे मीटरला सहा पावलं कमी भरला.

"पोरगी मला द्या," मास्तर म्हणाले.

"आणि फळी कोण पाडेल?" आबांनी विचारलं.

पण दिली. जिल्हा झाला, राज्य झालं. वसतिगृहात तिला पहिल्यांदा बूट मिळाले. मिठानं भेगाळलेल्या टाचा त्यात महिनाभर रक्ताळल्या. एकोणिसाव्या वर्षी ती देशात पहिली आली, शंभरलाही आणि दोनशेलाही, आणि दोनशेचा विक्रम मोडला. तिचा फोटो पेपरात आला. मुकादमानं तो कापून कचेरीत काचेखाली लावला आणि मीठ घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगू लागला, "आमच्याच पाण्यावर वाढलीय." दोनदा ती परदेशात धावून आली. खेळाडू म्हणून सरकारी नोकरी मिळाली. सात वर्षं देशात तिच्यापुढे कुणी नव्हतं. आबा चहाच्या टपरीवर गेले की लोक बाकावर सरकून जागा करत. अशी जागा त्यांना जन्मात कुणी दिली नव्हती.

सव्विसाव्या वर्षी मांडी आखडायला लागली. मागून कोवळ्या पोरी आल्या. भिंगरी दुसरी आली, मग तिसरी. प्रशिक्षक म्हणाला, ताकदीचं इंजेक्शन घेऊ या.

"कसलं?" तिनं विचारलं.

"जीवनसत्त्वाचं."

तीन महिन्यांत तिचा आवाज घोगरा झाला. ओठावर लव आली. फोनवर आबा म्हणाले, "सर्दी झालीय का गं?" ती हो म्हणाली. जीवनसत्त्वानं मिशा फुटत नाहीत, एवढं तिलाही कळत होतं. पण तिनं पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, आणि सांगितल्यावर थांबावं लागलं असतं. अठ्ठाविसाव्या वर्षी ती आयुष्यात धावली नव्हती इतक्या जोरात धावली. विसाव्या दिवशी पत्र आलं. तपासणीत औषध सापडलं होतं. चार वर्षांची बंदी आली, शेवटच्या हंगामाची पदकं परत गेली, पाठोपाठ नोकरीही गेली. प्रशिक्षकानं चौकशीत कानांवर हात ठेवले. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं, म्हणतात तशातली गत.

ती पिशवी घेऊन गावी आली आणि सवयीनं, बस पुरती थांबायच्या आतच, टुणकन खाली उतरली. आबा थांब्यावर उभे होते. मिठाच्या चमकीनं त्यांचे डोळे एव्हाना अधू झालेले, पण उडी त्यांना दिसली. ते घाईघाईनं पुढे आले. तिला वाटलं, आता हे मारणार किंवा जवळ घेणार.

"लंगड," आबा दबक्या आवाजात म्हणाले. "मी टपरीवर गुडघा गेला म्हणून सांगितलंय. लोक बघतायत. लंगड."

थांब्यापासून घरापर्यंत ती लंगडत आली. तेव्हापासून तीन वर्षं.

यंदा ऐन हंगामात आभाळ आलं. मीठ वाफ्यांत पांढरंशुभ्र पिकलेलं आणि वर ढग. त्यात चार दिवसांवर उधाणाची भरती. मुकादमानं सगळ्यांना कामाला जुंपलं. वाफ्यातलं मीठ ओढा, टोपल्या भरा, मधल्या मोठ्या ढिगावर टाका, ढिगावर ताडपत्री घाला. माणसं भल्या सकाळी वाफ्यात उतरत ती दिवस मावळायला बाहेर येत. पायांना चिरा पडत आणि चिरांत मीठ भरे.

लंगड्या बाईच्या डोक्यावर टोपली कोण देणार? भिंगरीला बसायचं काम होतं. वरच्या टोकाला बसून खाडीकडची फळी राखायची. तिच्या वाटणीच्या टोपल्या वहिनी उचलत होती. स्वतःच्या आणि तिच्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनी घरी आली ती मान एका बाजूला धरूनच. तिला मान वळवता येईना. भिंगरी तेल घेऊन तिच्या मागे बसली.

"राहू दे," वहिनी म्हणाली.

"चोळते ना. बरं वाटेल."

"तुझा गुडघा माझ्या मानेत आलाय गं. चोळून जाणार आहे का तो?"

भिंगरीचा हात तसाच राहिला. मग ती म्हणाली, "उद्या मी उचलते टोपल्या."

"अजिबात नाही," आबा खाटेवरून म्हणाले. "तीन वर्षं निभावलंय. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ तुमची आहे, मामंजी," वहिनी म्हणाली. "मान माझी आहे."

दादा हात धुवायला म्हणून उठला आणि बराच वेळ बाहेरच राहिला. भिंगरीनं तेलाची वाटी खाली ठेवली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला वाटलं. पण जमीन अशी कुणाच्या सोयीनं दुभंगत नाही. सकाळी तिनं पट्टी बांधली आणि निघाली.

उधाणाच्या दिवशी वारा सकाळपासूनच पिसाळलेला होता. सगळं मिठागर जिला मावशी म्हणे, तिचे चार वाफे पाटाच्या खालच्या टोकाला लागून होते. मावशी एकटी, नवरा गेल्यापासून चार वाफे एकटीनं पिकवायची. कामावर जाताना ती भिंगरीपाशी थांबली.

"वरची फळी जुनी झालीय गं. लक्ष ठेव. माझे वाफे अजून निथळतायत, दुपारपर्यंत खालची पाडत नाही मी. ढीग झाकून झाला की आज माझंच मीठ ओढायचंय."

"ठेवते लक्ष, मावशी."

"तू बसलीयस ना, मग झालं," मावशी म्हणाली आणि ढिगाकडे गेली.

दुपारी भरती चढली. फळीच्या फटींतून पाणी फुरफुरू लागलं. भिंगरीनं चिखल थापला, चिंध्या कोंबल्या. फळीला मधोमध चीर गेलेली तिला दिसली आणि ती मुकादमाला हाक मारायला वळते न वळते तोच मागून काडकन आवाज आला. अर्धी फळी निखळली आणि खाडी पाटात घुसली.

"सुटलं!" भिंगरी ओरडली.

मधल्या ढिगावर पंचवीस-तीस माणसं होती. सगळ्यांनी एकदम मान वर केली आणि सगळ्यांनी तिच्याकडेच पाहिलं. त्या नजरा अंगावर आल्या मात्र, डावा पाय आपसूक आखडला. ती निघाली खरी, पण लंगडत निघाली. डोकं आतून ओरडत होतं, पळ, अगं पळ, आणि पाय मात्र तीन वर्षांची शिस्त पाळत होता. आबा टपरीवर बसले असतील, हे तिच्या मनात आलं. बाकावरची जागा आली. एक पाऊल, अर्धं पाऊल, एक पाऊल, अर्धं पाऊल. ढिगावरचं कुणी हललं नाही. का हलत नाहीत हे, असंही तिला वाटून गेलं.

शेजारी पाटात कचरा आणि फेस घेऊन पाण्याचं तोंड आलं. ते तिच्या बरोबरीला आलं आणि पुढे गेलं.

ते पुढे गेलेलं पाहिलं आणि मग ती सुटली. साडी गुडघ्यावर खोचायलाही ती थांबली नाही. हात कोपरात वाकले, टाचा मागे उडाल्या, पट्टी सुटून घोट्यात आली. एकतीस वर्षांची बाई बांधावरून अशी गेली, की ढिगावरच्या म्हाताऱ्यांनी कपाळावर हात धरून पाहिलं. पाण्याचं आणि तिचं अंतर दहा पावलांचं होतं ते पाचांचं झालं, मग दोनांचं. पण तेवढ्यात बांधच संपला. ती फळीपाशी पोचली तेव्हा पाणी आत शिरलेलं होतं. तिनं फळी धरली, लोट तिला मागे ढकलत होता, तिनं पोट टेकून फळी खाली रेटली आणि तीवर बसून राहिली. कमरेपर्यंत गढूळ पाणी. मागे वळून पाहिलं, तर मावशीचे चारही वाफे भरले होते. काठाला पांढरी कड होती ती बघता बघता राखाडी झाली आणि मग गेली.

माणसं आली. दादानं मोगरी घेऊन फळी ठोकली. दोघांनी वर जाऊन गोणी टाकल्या. कुणी भिंगरीच्या पायाकडे पाहिलं नाही. सगळे इतके ठरवून दुसरीकडे पाहत होते की तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एरवी ज्याची जीभ टाळूला लागत नाही तो मुकादमही आपल्या चपलांकडे पाहत उभा होता. मावशी वाफ्याच्या कडेला बसली. तिनं पाण्यात हात घातला, तळाचा चिखल ओंजळीत घेतला, थोडा वेळ पाहिला आणि परत सोडला.

"मावशी," भिंगरी म्हणाली.

मावशीनं पदर खोचला आणि ती ओंजळीनंच पाणी बांधाबाहेर टाकू लागली.

घरी आबा दारातच उभे होते. बातमी तिच्या आधी पोचली होती.

"धावलीस म्हणे?"

"मावशीचं सगळं मीठ गेलं, आबा."

"ते कळलं. पाहिलं कुणी तुला धावताना?"

"सगळ्यांनी."

आबा खाटेवर बसले. थोडा वेळ मांडीवर बोटं वाजवत राहिले. मग त्यांचा चेहरा जरा उजळला. "ऐक. जिवाच्या भीतीनं माणूस काय वाट्टेल ते करतं. पळाले खरी, पण आता गुडघा पार गेला, असं सांगायचं. आठ दिवस अंथरूण धर. मी टपरीवर बोलतो."

वहिनी चुलीपुढून वळली. मान वळत नव्हती म्हणून ती अख्खीच वळली. तिनं नुसतं भिंगरीकडे पाहिलं, आणि तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं भिंगरीला वाटलं. आबांचा तिला राग आला नाही. त्या म्हाताऱ्यापाशी बाकावरच्या एका जागेशिवाय दुसरं काय होतं, आणि ती जागा तिनंच मिळवून दिली होती आणि तिनंच घालवली होती. तिला स्वतःचीच किळस आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पट्टी बांधली नाही. आबा "अगं, अगं" करत राहिले. ती रस्त्यानं सरळ चालत गेली. टपरीवर माणसं होती. एकानं रोजच्यासारखं विचारलं, "निघालीस का?" ती म्हणाली, "निघाले." तिच्या पायांविषयी कुणी चकार शब्द काढला नाही. छाती मात्र अशी धडधडत होती, जशी शर्यतीच्या रेषेवरही कधी धडधडली नव्हती.

मावशी वाफ्यात होती. पाणी काढून टाकलं होतं आणि ती फावड्यानं तळाचा चिखल ओढून कडेला लावत होती. नवं मीठ धरायचं तर तळ पुन्हा चोपून घ्यावा लागतो, आणि पाऊस आला तर तेही फुकट. भिंगरी बांधावर उभी राहिली. वाटेत पाठ केलेलं सगळं विसरली.

"मावशी, मला बोलायचंय."

"बोल."

"माझा गुडघा कधी दुखलाच नाही. मी औषध घेतलं होतं. धावायला जोर यावा म्हणून. मला ठाऊक असून घेतलं. त्यात सापडले म्हणून काढलं मला. गुडघ्याचं नुसतं निमित्त होतं. काल मी आधीपासून पळाले असते तर तुझं मीठ वाचलं असतं."

मावशीनं फावडं ओढलं, चिखल कडेला लावला. "ठाऊक आहे," ती म्हणाली.

"काय?"

"सगळं. तू आलीस त्याच्या आदल्या आठवड्यात पेपरात आलं होतं. मुकादमानंच कचेरीत वाचून दाखवलं आम्हाला. वाचलं आणि म्हणाला, म्हातारा गुडघा म्हणतोय ना, मग गुडघाच. कुणी तोंड उघडायचं नाही. अळीमिळी गुपचिळी."

"पण तो तर... डावा की उजवा म्हणून माझी चेष्टा..."

"मग काय करणार तो? चेष्टा करून विषय संपवला त्यानं. दुसऱ्या कुणी गंभीरपणे विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस तू?"

भिंगरी मटकन बांधावर बसली. तीन वर्षं तिनं रोज रस्त्यावर जे सोंग काढलं होतं, ते टपरीवरचा, ढिगावरचा, कचेरीतला प्रत्येक माणूस सोंग म्हणून पाहत होता. शेजारणींनी गुडघ्याला लावायला पाला आणून दिला होता, तोसुद्धा सोंगाचाच भाग म्हणून. तिचे कान तापले. मान वर होईना.

"तू मला शिव्या दे, मावशी," ती म्हणाली.

"शिव्या देऊन मीठ येतं का?" मावशीनं कंबर सरळ केली. तिच्या हातांना भेगा होत्या आणि भेगांत काळा चिखल. "मला एक सांग. उधाणाची भरती, वरची फळी कुजलेली, आणि मी खालची उघडी ठेवून गेले. वर राखणीला खरंच लंगडी बाई असती, तर गेले असते का मी? वेडी आहे मी?"

भिंगरी बोटांनी बांधावरची माती खरवडत राहिली.

"तू ओरडलीस ना, तेव्हा मी टोपली टाकली होती. ढिगावरून ही फळी तुझ्यापेक्षा मला जवळ. मी निघालेही होते दोन पावलं. मग तू उठलेली दिसलीस आणि मी थांबले. कुणीच हललं नाही, पाहिलंस ना? म्हटलं, भिंगरी निघालीय, आता आपण कशाला धडपडायचं? ती आली की पाडतेच फळी. आणि मग तू..."

वारा पडला होता. वरच्या टोकाला दादा आणि आणखी दोघं नवी फळी बसवत होते, त्यांच्या मोगरीचा आवाज येत होता.

मावशीनं फावडं चिखलात रोवलं आणि दांड्यावर दोन्ही हात ठेवले. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"तिथं होतो ते सगळे आपलेच, आणि सगळ्यांना ठाऊक," ती म्हणाली. "मग तेवढी पावलं तू लंगडलीस ती कुणासाठी गं?"

आणि उत्तर येईपर्यंत काम थांबवून ती भिंगरीच्या तोंडाकडे पाहत उभी राहिली.